दहा दिवस, अकरा मुली

टेमघर, भिवंडी
मंगळवार, २७ सप्टेंबर १९९४

आदरणीय बाई,

तुमच्या दोन पत्रांना मी उत्तर दिलं नाही. पहिल्याला उशीर झाला, आणि उशीर झाल्याची लाज वाटली म्हणून दुसऱ्यालाही दिलं नाही. त्याला आता दोन वर्षं झाली. तुम्ही माझ्यावर रागावल्या असाल, नाहीतर देवकी नावाची मुलगी तुमच्या आश्रमशाळेत होती हेच विसरल्या असाल. दुसरं जास्त लागेल, म्हणून मी पहिलंच धरून चालते.

मी बरी आहे. कॉलेज ठीक चाललंय. म्हणजे सध्या बंद आहे, पण एरवी ठीक.

लिहायचं कारण असं की कालपासून आम्हाला वसतिगृहात कोंडलंय. सुरतेच्या प्लेगचं तुमच्या अलिबागलाही पेपरात आलंच असेल. इथे धामणकर नाक्यावर माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरतात आणि औषधांच्या दुकानात प्लेगवरचं टेट्रासायक्लिन मागून मिळत नाही, असं आमचा वॉचमन सावळाराम सांगतो. कॉलेजं बंद झाली तशा बऱ्याच मुली आपापल्या गावी गेल्या. आम्ही अकरा जणी सोमवारी निघणार होतो. त्याआधी रविवारी संध्याकाळी बुधीचा भाऊ आला.

बुधी माझ्या खोलीत राहते. एफ.वाय.ला आहे. डोंगरातल्या पाड्यावरची, माझ्यासारखीच, पण माझ्याहून दसपट कमी बोलणारी. तिचा भाऊ नवशा सुरतेला कापड रंगवायच्या कारखान्यात होता. तिथून पळालेल्या माणसांच्या ट्रकमधून तो आला. तो आत आला नाही. फाटकाबाहेरच अर्धा तास उभा राहिला, बहिणीला फुलाफुलांचं कापड दिलं आणि पाड्याकडे चालता झाला. मधे दोनदा खोकला.

कुणीतरी ही गोष्ट माधवीताईंना सांगितली. त्या आमच्या रेक्टर. ताईंनी संस्थेच्या अध्यक्षांना, दत्तोपंतांना कळवलं. सोमवारी सकाळी दत्तोपंत आले, अंगणातच उभे राहिले आणि म्हणाले, "दहा दिवस कुणी बाहेर जाणार नाही, कुणी आत येणार नाही. पोरींनो, तुमच्याच भल्याचं आहे." बुधीला वरच्या मजल्यावर शिवणवर्गाच्या खोलीत एकटीला ठेवलं. तिने आपली वळकटी उचलली आणि जिना चढून गेली.

भीती वाटायला लागली की आधी नीट बघायचं, असं तुम्ही सांगायचात. म्हणून मी एक वही केलीय. रोज प्रत्येकीचा ताप, नाडी, झोप किती झाली, जेवण किती गेलं. शेवटचा रकाना 'मनात काय'. तो अजून कोराच आहे. विचारलं की मुली म्हणतात, "जा गं, तुझं काहीतरीच."

पत्रं बाहेर जाऊ देत नाहीत. साथ कागदातून पसरेल, असं दत्तोपंतांना वाटतं. हे पत्र दप्तरात राहील. तुमच्या हातात लगेच पडणार नाही हे माहीत असल्यामुळे लिहायला जड जात नाही.

तुमची,
देवकी


गुरुवार, २९ सप्टेंबर

बाई,

आज तुम्हाला एक नवल सांगायचंय. आमच्या मागच्या भिंतीला लागून पॉवरलूमचा कारखाना आहे. इथे आले तेव्हा त्या खटखटीने महिनाभर मला झोप नव्हती. आता लूम बंद आहेत. कामगार यूपीकडे निघून गेले. आणि अकरांतल्या आठ जणींना झोप लागत नाहीये! चंद्रा म्हणून कोन गावची एक मुलगी आहे, रोज रिक्षाने आणि पायी मिळून चार मैल फिरणारी, शिकवण्या घेणारी. ती म्हणाली, "इतकं शांत आहे की मला माझीच छाती ऐकू येते. ती ऐकत बसले की ती आणखी जोरात वाजते."

हे मी वहीत लिहिलं. 'मनात काय'मधली ही पहिली नोंद.

जेवणघरातल्या घड्याळासमोर एकेकीला बसवून मी नाडी मोजते. परवा माझी स्वतःची मोजत होते, तर शहात्तर होती. तेवढ्यात सावळारामने दूध घ्यायला फाटकाची साखळी काढली. नुसती साखळी वाजली, बाई, आणि नाडी चौऱ्याण्णव झाली. मग मी मुद्दाम काल आणि आज त्याच वेळी तिघीतिघींची मोजली. सगळ्यांची चढते. भीती मनात असते म्हणतात ना, मग ती मनगटात कशी सापडते? आणि साखळी वाजल्यावर आपण घाबरतो की आता कुणी सोडवायला आलं असं वाटून आनंदतो? नाडीवरून दोन्ही सारखंच दिसतं. यातला फरक कसा ओळखायचा, हे मला काल दिवसभर सुचलं नाही.

शरीराचंही काय काय होतंय. चौघींची पाळी आठ-आठ दिवस आधी आली. रोज चालणाऱ्यांचे पाय न चालता दुखतात. प्लेग होऊ नये म्हणून रोज देतात त्या गोळ्यांनी मळमळतं, म्हणून मुली जेवत नाहीत, आणि उपाशीपोटी गोळी घेतली की जास्तच मळमळतं.

डॉक्टर केसरीनाथ रोज येतात. तरुण आहेत, हसरे. मी त्यांना विचारलं, "प्लेग अंगात आला तर किती दिवसांत दिसतो?"

"सहा दिवसांत. फार तर सात."

"मग दहा का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दहा हा मोठा आकडा वाटतो म्हणून," म्हणाले, आणि आपला थर्मामीटर माझ्याकडे ठेवून गेले. "तू घेतेसच आहेस, तर नीट घे. वेळ लिहीत जा. नुसता ताप लिहून उपयोग नाही."

दुपारी चंद्रा किंचाळली. काखेत गाठ आली म्हणाली. सगळ्या जणी भिंतीला चिकटल्या आणि जी ती आपापली काख चाचपू लागली. ताईसुद्धा. डॉक्टरांना निरोप पाठवून परत बोलावलं. ब्लाउजच्या शिवणीने घासून आलेला फोड निघाला. आम्ही इतक्या हसलो की दोघींना रडू आलं, आणि मग ते थांबेना.

बुधीच्या खोलीबाहेर थाळी ठेवतात, कडी काढतात आणि बाजूला होतात. तिने थाळी आत घेतली की पुन्हा कडी. तिची नाडी मला घेता येत नाही.

देवकी


शुक्रवार, ३० सप्टेंबर

बाई, बुधीला ताप आहे. दुपारी एक वाजता थंडी वाजून आला. ताईंनी थाळीतून थर्मामीटर आत दिला. एकशे तीन.

डॉक्टर नाकाला फडकं बांधून आत गेले. छाती साफ आहे, गाठ कुठेच नाही म्हणाले. पण सुरतेचा संबंध आहे, त्यामुळे उद्या ताप राहिला तर मुंबईच्या इस्पितळात हलवायचं. खाली मुली म्हणतात, आत्ताच का नेत नाहीत?

आज बाकी कुणाचं काही मोजलं नाही.


रविवार, २ ऑक्टोबर

बाई,

काल बुधीला ताप नव्हता. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आज दुपारी पुन्हा थंडी, पुन्हा एकशे तीन. दत्तोपंतांनी मंगळवारसाठी गाडी सांगितली आहे. तोवर ताप उतरला नाही तर मुंबई.

खालचं वातावरण विचारू नका. चंद्राने दोन दिवस काही खाल्लेलं नाही. ती कुंपणावरून उडी मारायला गेली, सावळारामने धरून आणलं. एक मुलगी दर तासाला साबणाने हात धुते. तिच्या बोटांची सालं निघालीत. आणि सगळ्या मिळून बुधीबद्दल असं बोलतात, जणू ती वर नाहीच, नुसता तिचा आजार तिथे राहतो.

मी जिना चढून तिच्या दाराशी गेले. आतून तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मिनिटाला अठ्ठावीस.

"देवके?" ती आतून म्हणाली.

"तुला कसं कळलं मी आहे?"

"सगल्यांच्या पायांचा आवाज मना आता समजतो. बाकीच्या इथशी भराभरा जातात. तू थांबतंस." मग म्हणाली, "मी मरन का गं? मना ममईला नको नेऊ दे. तिथं मना कोन वलखतो?"

मी तशीच खाली येऊन हे लिहितेय.

पहिल्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं, कुणीतरी ताईंना सांगितलं. ती कुणीतरी म्हणजे मी.

फाटकाशी नवशाबरोबर बुधीपेक्षा मीच जास्त बोलले. तुमच्या गल्लीत उंदीर मेले का? किती माणसं गेली? दवाखान्यात काय करतात? गाड्यांत जागा कशी मिळाली? तो प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देत होता. कुणीतरी विचारतंय याचं त्याला बरं वाटत होतं. त्याच्या शेजारच्या खोलीतला एक माणूस गेला होता, तेही त्याने मलाच सांगितलं. तो वळला आणि मी सरळ ताईंच्या खोलीत गेले.

भीती होती, हे खरं. सांगायला हवं होतं, हेही कदाचित खरंच. पण बाई, भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी मला तिकडे घेऊन गेलं. मला एवढं सगळं माहीत आहे, ते कुणाला तरी सांगायचं होतं. तुम्ही वर्गात प्रश्न विचारायचात आणि माझा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा, तसाच तो त्या दिवशी वर गेला. ताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. हुशार आहेस." आणि मला छान वाटलं.

एक लिहिलंच आहे तर दुसरंही लिहिते. मी सायन्सला नाही. बारावीला केमिस्ट्रीत नापास झाले, ऑक्टोबरला सुटले, पण परत तिकडे जायचं धाडस झालं नाही. आता एस.वाय.बी.ए.ला आहे. मानसशास्त्र घेतलंय. तुमच्या दोन्ही पत्रांत 'प्रॅक्टिकलं कशी चाललीत' असं विचारलं होतंत. त्याला काय लिहिणार होते?

देवकी


मंगळवार, ४ ऑक्टोबर

बाई,

घाईत लिहितेय, पण भीतीने नाही.

काल संध्याकाळी वही चाळत होते. बुधीच्या ओळीत शुक्रवार, एक वाजता, थंडी वाजून ताप. शनिवार काही नाही. रविवार, एक वाजून दहा मिनिटं, थंडी, ताप. सोमवार काही नाही. मला आमच्या पाड्यावरचा एक दिवसाआडचा ताप आठवला. तुम्हालाही शाळेत एकदा आला होता, पांघरुणांवर पांघरुणं घातली होती आम्ही.

मी ताईंना म्हटलं, "ताई, उद्या एकच्या सुमाराला बुधीला थंडी वाजेल. सकाळी वाजणार नाही. डॉक्टरांना एक वाजता यायला सांगा. आणि गाडी तेवढा वेळ थांबवा."

"तुला काय माहीत?"

"माहीत नाही. पण वहीत तसं दिसतंय."

ताईंनी ते पान वरपासून पुन्हा वाचलं. मग त्यांनी स्वतः सावळारामला चिठ्ठी दिली.

आज गाडी साडेबारालाच येऊन उभी राहिली. दत्तोपंत फाटकाबाहेर घड्याळ बघत होते. बाराला बुधीचा ताप अठ्ठ्याण्णव होता. साडेबाराला तेवढाच. बाकीच्या नऊ मुली जिन्याखाली उभ्या होत्या आणि पहिल्यांदाच कुणी कुजबुजत नव्हतं. मीही गेले डॉक्टरांबरोबर आत. कुणी अडवलं नाही, किंवा अडवलं असेल तर मला ऐकू आलं नाही. बुधी कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती. एक वाजून वीस मिनिटांनी तिचे दात वाजायला लागले.

बाई, मैत्रिणीला थंडी भरली आणि मला आनंद झाला! असा आनंद कुणाला झाला असेल का कधी?

डॉक्टरांनी बोट टोचून काचेवर रक्त घेतलं आणि तडक गेले. चारला परत आले. मलेरिया! साधा मलेरिया, आपल्याकडच्या डासाचा. सुरतेशी काही देणंघेणं नाही. गोळ्या सुरू केल्या. गाडी रिकामी परत गेली.

खाली येऊन सांगितलं तेव्हा चंद्राने मला मिठी मारली आणि मग चार पोळ्या खाल्ल्या.

दत्तोपंत मात्र म्हणाले, "ठरलं ते ठरलं. दहा दिवस पुरे होऊ देत." म्हणजे अजून दोन दिवस कडी बाहेरूनच.

देवकी


शनिवार, ८ ऑक्टोबर

बाई,

गुरुवारी फाटक उघडलं. मुली रस्त्यावर धावत सुटल्या. शंभर पावलांत धापा टाकायला लागल्या आणि परत आल्या. दहा दिवसांत एवढं कसं होतं?

बुधीच्या दाराची कडी ताईंनी काढली. ती बाहेर आली नाही. तासभर वाट पाहून मी आत गेले. तिने फरशा मोजल्या होत्या, मला आकडा सांगितला. उठून चार पावलं चालली आणि भिंतीला धरून उभी राहिली. ताप नव्हता. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे. मला नाही वाटत नुसता तेवढाच होता, कारण दारापर्यंत येऊन ती उंबऱ्याकडे बघत थांबायची.

मी तिला सांगितलं. ताईंकडे मी गेले होते, मी सांगितलं होतं.

ती ओरडेल असं मला वाटत होतं. तिने फक्त मान वर केली.

"तू नवशाला इचारलास. ताईला सांगलास. डॉक्टरला इचारलास, घड्यालाला इचारलास. मना इचारलास का?"

आज तिचा बाप, देवराम, तिला घ्यायला आला. ती माझ्याकडे न बघता गेली. आता पत्रं टाकायला मोकळीक आहे, पण एवढ्यावर थांबलेली गोष्ट तुम्हाला कशी पाठवू?


रविवार, १३ नोव्हेंबर

बाई,

दिवाळीनंतर सगळ्या परत आल्या, बुधी आली नाही. मग संस्थेतून तिच्या नावाचं पत्र निघालं. नातेवाइकाची माहिती लपवल्यामुळे तिची वसतिगृहातली जागा रद्द केली आहे, आणि तिचं काही म्हणणं असेल तर शनिवारी कार्यकारिणीपुढे येऊन सांगावं. माधवीताईंनी ते पोस्टात टाकलं नाही. माझ्या हातात दिलं. "तूच नेऊन दे," म्हणाल्या. "आणि आलीच तर तिच्याबरोबर ये."

शुक्रवारी मी तिच्या पाड्यावर गेले. भाताची कापणी चालली होती. बुधीने मला बघितलं आणि एक विळा पुढे केला. दुपारपर्यंत आम्ही एकमेकींच्या बाजूला कापत होतो. वही नेली नव्हती. प्रश्न जिभेवर यायचे, मी गिळायचे.

नवशा तिथेच होता, धडधाकट. भाकर खाताना त्यानेच सांगितलं. तो सुरतेहून आला तेव्हा पाड्याने त्यालाही घरात घेतलं नव्हतं. शेतातल्या खोपटात बारा दिवस ठेवला होता.

"एकटाच?" माझ्या तोंडून निघालंच.

"एकटा कसला! आई येयाची, बाप येयाचा, म्हातारे येयाचे. त्या आंब्याखाली बसायचे. लांब बसायचे, पन बसायचे. मी सुरतेच्या गोष्टी सांगायचो. ते इतके इचारायचे, घसा बसला माजा!"

नवशा हसत होता. बुधी हसली नाही. ती आंब्याकडे बघत होती. मी हातातली भाकर खाली ठेवली आणि म्हटलं, "बुधे, त्या खोलीत कसं होतं?"

ती सांगू लागली. उन्हं उतरेपर्यंत सांगत होती. ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. शेवटी मी पत्र दिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि घडी करून कनवटीला लावलं.

काल आम्ही कार्यकारिणीपुढे उभ्या राहिलो. टेबलापलीकडे पाच जण, मधे दत्तोपंत. मी आधी बोलले. नवशा आत आला नव्हता, बुधीने त्याला आत घेतलं नव्हतं, आणि तो आल्याचं एका तासाच्या आत ताईंना कळलं होतं, कारण ते मीच सांगितलं. म्हणजे लपवायला तिला वेळच मिळाला नव्हता. ताई म्हणाल्या, "हे खरं आहे." डॉक्टरांनी मलेरियाची चिठ्ठी पाठवली होती, तीही दिली.

दत्तोपंत बुधीला म्हणाले, "मुली, हे सगळ्यांच्या जिवासाठी केलं होतं. तुला राग येण्याचं कारण नाही."

मला वाटलं ती गप्प राहील. ती एरवी गप्पच असते.

"मना येगली ठेवलात त्याचा राग न्हाय, साहेब," बुधी म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "आमच्या नवशालापन ठेवला हता. रोग पसरू नये हे मनापन कलते. कडी तुमी भायेरनं लावलात, त्याचा राग हाय. मना सांगला असता तर मी आतनं लावली असती. धा दिवस काय, पंधरा दिवस लावली असती. सगल्या माज्याच मैत्रिनी ना?"

दत्तोपंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वाईट माणूस नाही तो, बाई. ते खरंच घाबरले होते, हे मला काल त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. त्यांच्या मनगटावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, एवढंच. ते कारकुनाला म्हणाले, "ते पत्र रद्द झालं असं लिहा." मग बुधीकडे न बघता, "आणि वरच्या खोलीची बाहेरची कडी काढून टाका."

सोमवारपासून ती वर्गाला जाईल.

पायऱ्या उतरताना मी म्हटलं, "बुधे, आपलं दोघींचं—"

"ऱ्हायलाय," ती म्हणाली. "तो ऱ्हायलाय अजून. बोलू. आज न्हाय."

"कधी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलेलं पाहून तिच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला.

"मी सांगन," म्हणाली.

तुमची,
देवकी